सोवळ्यातली गाडी

"वहिनी, बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण शोरूमवाल्यांना गाडी धुवू देऊ नका," नीलकंठ भावजींनी पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. मी "बरं बरं" म्हटलं आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. पाडव्याचा आदला दिवस होता, चक्का टांगलेला होता आणि मांजर त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन बघत होतं.

नीलकंठ भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. दर रविवारी दोन बादल्या घेऊन गाडी धुतात, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, आणि मग गाडीचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. बाकीचे लोक मुलांचे टाकतात. अशा माणसाचा सल्ला कोण मनावर घेणार? शिवाय सांगायचं तरी कुणाला? आमच्या घरात नवा चमचासुद्धा घासल्याशिवाय वापरत नाहीत. झाशीत आमचं घर खंडेराव गेटच्या आत. पेशव्यांच्या काळात कुणी पूर्वज पूजा सांगायला म्हणून दक्षिणेतून आले आणि इथेच राहिले. पूजा सांगणं गेलं, नोकऱ्या आल्या, मराठी अर्धी हिंदी झाली, पण धुणं टिकलं. देवापुढे ठेवायची वस्तू आधी धुवायची, मग पुसायची, मग तिला कुणी शिवायचं नाही.

मी स्वतः ग्वाल्हेरची. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. त्याचा आजवरचा उपयोग एवढाच की मला सगळीकडे जंतू दिसतात. बकुळ, माझी मुलगी, चार वर्षांची आहे. तिला द्राक्षं मी अजून उभी चिरून देते. ती गाढ झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघते, आणि तिला जाग येते, आणि मग दोघींनाही झोप लागत नाही.

तर अशा माझ्यासारखीच्या घरात गाडी आली, आणि ती चालवणार होत्या माझ्या सासूबाई.

अनुसूयाबाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. बेतवा कुठे उगम पावते, कुठे यमुनेला मिळते, हे त्यांनी नकाशावर छडी ठेवून शेकडो मुलींना दाखवलं, पण स्वतः कुठे जायचं तर कुणीतरी न्यायला लागायचं. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागल्या. शिकवणारा पटेरिया त्यांचाच जावई निघाला, म्हणजे त्यांच्या विद्यार्थिनीचा नवरा. तो त्यांना ब्रेक मारायला सांगायलाही बिचकायचा. तरी लायसन्स मिळालं. मग त्यांनी आपल्या पैशांनी गाडी बुक केली. रंग पिकल्या जांभळाचा. शोरूमवाला म्हणाला, मैडम, सफ़ेद लीजिए, सबसे ज़्यादा बिकती है. आई म्हणाल्या, "हमें गाड़ी लेनी है, एंबुलेंस नहीं।"

मामंजींना हे सगळं आवडलं नव्हतं. या घरात सासऱ्यांना अजून मामंजीच म्हणतात. ते जनार्दनराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. जगात दोनच रंग आहेत असं त्यांचं मत, आणि त्यातला लाल त्यांना जास्त प्रिय. त्यांनी जेवताना नियम जाहीर केला.

"गाडी घे. पण अंगावर पहिला ओरखडा दिसला की किल्ली विद्याधरकडे. मग तू मागे बसायचं."

"आणि नाही दिसला तर?" आईंनी विचारलं.

"तर चालव."

"मंजूर," आई म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

विद्याधर म्हणजे माझा नवरा. तो गुरसरायच्या बँकेत आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसने जातो. त्याने ताटातून मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला त्या नियमाने हायसंच वाटलं. कारण आईंनी पहिला बेतही ठरवून टाकला होता: पुढच्या रविवारी बरुआसागर. तिथे तळ्याजवळ त्यांची बालमैत्रीण कमलमावशी राहते. जाणार कोण, तर आई आणि बकुळ. दोघीच. मी रात्रंदिवस हायवेवरचे ट्रक मोजत होते, डोळे मिटून.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. शेजारच्या चौरसिया काकींनी नेहमीप्रमाणे विचारलं की लोटा उलटा काय टांगलाय, आणि आम्ही नेहमीप्रमाणे सांगितलं. संध्याकाळी शोरूमला गेलो. चैत्री नवरात्राचा पहिला दिवस, त्यामुळे तिथे गाड्यांची रांग, हार, फुगे, पेढे. आमच्या जांभळीला त्यांनी लाल रिबीन बांधली होती आणि बॉनेटवर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं होतं. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींच्या कपाळाला आठी.

"ये आप लोगों की पूजा हो गई?" त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं.

"जी बाबूजी।"

"तो अब धो दीजिए।"

"बाबूजी, धुली हुई है। अभी-अभी धोई।"

"सिंदूर से पहले धोई होगी। हमारे यहाँ पूजा घर में होती है, और धुली चीज़ की होती है। दोबारा धोइए। और ज़रा रगड़ के।"

आई पुटपुटल्या, "आता काय गाडीला सोवळं नेसवता?" पण मामंजी तोवर धुण्याच्या जागी जाऊन उभे राहिले होते, सिग्नल बघायला उभे राहायचे तसे. मला त्या क्षणी नीलकंठ भावजींची आठवण झाली का? झाली. पण बकुळ फुग्याची गाठ दातांनी सोडवत होती, आणि फुग्याचा तुकडा घशात अडकलेली किती मुलं मी पेपरात वाचली आहेत ते मीच जाणे. मी फुग्याकडे धावले.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चाकांखाली लिंबं, नारळ, हळदकुंकू, नवं स्वस्तिक, औक्षण. गाडी दिव्याच्या उजेडात अशी चकाकत होती की बकुळ तिच्या दाराला गाल लावून म्हणाली, "मम्मी, ये तो ठंडी है।" तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळला शाळेच्या रिक्षेत बसवायला फाटकाशी गेले. ऊन नुकतंच भिंतीवरून उतरून बॉनेटवर आलं होतं. आणि मी पाहिलं.

सूर्याचं एक टिंब बॉनेटवर पडलं होतं आणि त्याच्याभोवती गोल गोल, बारीक बारीक, केसापेक्षा बारीक रेघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मी सरकले की जाळं माझ्याबरोबर सरके. दारावर तेच, छतावर तेच. जुन्या स्टीलच्या ताटाची पाठ उन्हात धरा, अगदी तशी. रिक्षा गेली. मी तिला टाटा करायची विसरले. या आधी मी तिला टाटा करायची कधी विसरले नव्हते, म्हणजे बघा.

फोन लावला.

"मी सांगितलं होतं," नीलकंठ भावजी म्हणाले.

"माहीत आहे. पुढचं सांगा."

"एकाच फडक्याने चाकं आणि बॉनेट पुसतात हो ते. फडक्यात वाळूचे कण, आणि वरून गोल गोल रगडायचं. आता घाबरू नका. पेल्यात पाणी घ्या, थोडं ओता."

ओतलं. पाण्याखाली रेघा नाहीशा झाल्या. मी आनंदाने त्यांना सांगितलं तोवर पाणी ओघळलं आणि जाळं परत आलं.

"म्हणजे वरवरचे आहेत," ते म्हणाले. "रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्यातच आहेत. नख फिरवा. अडकतं का?"

"नाही. थांबा, मागच्या दारापाशी एक आहे, तिथे अडकतं."

"तो एक खोल आहे. बाकी सगळे मशिनने पॉलिश केल्यावर जातील. शोरूमवाल्यांनीच करून द्यायला पाहिजे. आणि तोपर्यंत वहिनी, हात जोडतो, कुणालाही गाडी पुसू देऊ नका."

मी फोन ठेवला आणि उभी राहिले. एक हाक मारायची होती. मामंजी आत पेपर वाचत होते. "मामंजी, ओरखडा," एवढं म्हटलं असतं की किल्ली विद्याधरकडे, रविवारचं बरुआसागर रद्द, माझे ट्रक बंद. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात आई बाहेर आल्या. किल्ली त्यांनी शाळेतल्या जुन्या शिट्टीच्या दोरीला अडकवून गळ्यात घातली होती. म्हणाल्या, "वसू, काल स्वप्नात मी रिव्हर्स घेतलं. अगदी सरळ. कुणी मागे उभं राहून हात हलवत नव्हतं गं."

मी तोंड मिटलं. मग जे करायला नको ते केलं: गाडीवर पलंगावरची चादर टाकली.

"चादर?" नीलकंठ भावजी फोनवर इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला भीती वाटली. "चादरीखाली धूळ असते वहिनी. काढा. पण ओढू नका. उचला. झोपलेल्या मुलावरून पांघरूण उचलतात तसं."

हे मला जमतं. मी चादर तशीच उचलली. मग आजेसासूबाईंच्या पेटीतून त्यांची जुनी सुती नऊवारी काढली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली, झटकून झटकून घेतली, आणि गाडीवर वरूनच सोडली. तुम्हाला सांगते, छोट्या गाडीला नऊवारी बरोब्बर होते. पदर डिकीवर येतो. वाऱ्याने उडू नये म्हणून मी काठ चाकांमागून घेऊन खोचले, तर काष्टाच झाला.

चौरसिया काकी गच्चीवरून वाकल्या. "काए बहू, गाड़ी खों धुतिया काए पैरा दई?"

"नज़र न लगे काकी।"

"बिंदी और लगा देतीं।"

मामंजी बाहेर आले, काष्टा घातलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ही आता हळदीकुंकवाला जाणार का?" पण नऊवारी त्यांच्याच आईची होती, त्यामुळे तेवढ्यावरच आत गेले.

त्यांची रोजची पाहणी मात्र चुकायची नाही. चहा झाला की हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी. मी आधीच लुगडं उचलून ठेवायची आणि गाडी कडुनिंबाच्या सावलीत आहे ना ते बघायची, कारण सावलीत जाळं दिसत नाही. गंमत म्हणजे गाडी नेहमी सावलीतच असायची. आईच ती रोज सकाळी, ऊन यायच्या आत, पुढेमागे करून कडुनिंबाखाली लावायच्या. मी मनात म्हणायची, देव आहे. मामंजी बॉनेटवर इतके वाकायचे की नाक टेकेल. मग सरळ होऊन म्हणायचे, "ठीक." आणि मी श्वास सोडायची, आणि का कोण जाणे, माझ्या मागे आणखी कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटायचं.

शोरूमला फोन केले. "मैडम, गाड़ी ले आइए, देख लेंगे।" घेऊन या म्हणे. मला सायकलसुद्धा येत नाही. विद्याधर गुरसरायला. गाडी नेऊ शकणारी व्यक्ती एकच, आणि नेमकं तिलाच कळू द्यायचं नव्हतं, कारण आईंना मी ओळखते. नियम म्हणजे नियम. शाळेत त्यांनी स्वतःच्या भाचीला नापास केलं होतं. जाळं दिसलं असतं तर त्यांनी स्वतः किल्ली काढून दिली असती, आणि मग परत कधी मागितली नसती.

शुक्रवारी धीर करून म्हटलं, "आई, नवी गाडी पहिल्या आठवड्यात शोरूमला एकदा दाखवून आणावी लागते."

"लागते ना?" त्या एकदम म्हणाल्या. "आजच जाऊ. आत्ताच जाऊ."

बकुळला शाळेला सुट्टी होती, तिला मागे तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं. एकदा बांधलं, परत तपासलं. आईंनी शिट्टी ब्लाउजमध्ये खोचली, आरसा नीट केला, "गणपती बाप्पा" म्हटलं, आणि आम्ही निघालो.

मी असा प्रवास कधी केला नव्हता. आई सगळ्यांना हॉर्न द्यायच्या. म्हशीला, पोलिसाला, बंद दुकानाला. ई-रिक्षावाला आडवा आला तर काच खाली करून म्हणाल्या, "किस क्लास में हो?" तो इतका गोंधळला की त्याने मागे घेतली. मी पुढे बसून सांगत होते, "आई, जरा डावीकडून, झाडांच्या बाजूने, सावलीतून." आणि आई म्हणत होत्या, "तेच करतेय गं." मागून बकुळ: "दादी, आगे गाय है।"

"दिसली."

"दादी, गाय बैठ गई।"

"बसू दे. आपण थांबू. तिचा पण रस्ता आहे."

मागे हॉर्नचा कल्लोळ. गाय उठेपर्यंत आईंनी बकुळला बेतवेच्या उपनद्या सांगितल्या. मला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना. भीती आणि हसू माझ्यात कुठेतरी एकाच नळातून येतात बहुतेक. एलाइट चौराह्यावर तर आम्ही तिघी नुसत्या खिदळत होतो आणि पोलीस आम्हाला हात करून पुढे घालवत होता, जा बायांनो, जा.

शोरूममध्ये आईंना आणि बकुळला पाण्याच्या कूलरजवळ बसवलं आणि मी मॅनेजरला बाहेर गाठलं. त्याने गाडी पाहिली, टाय सारखा केला.

"मैडम, ये वॉशिंग का नहीं है। आपने घर पे सूखा कपड़ा मारा होगा।"

"घर पे हमने इसको हाथ भी नहीं लगाया।"

"तो धूल होगी। देखिए, हम फ्री में कोटिंग मार देते हैं, ऐसा चमकेगा कि आप भूल जाएँगी।"

नीलकंठ भावजींनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. कोटिंगने रेघा भरतात, चार वेळा धुतलं की परत वर येतात. मी म्हटलं, "भैया, छुपाना नहीं है, मिटाना है।" त्यावर तो म्हणाला की आमच्याकडून धुतलेल्या गाडीवर असं काही येतच नाही.

बरं, मी म्हटलं. आणि वळले. मागे अंगणात नुकत्याच धुतलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, हार घालून, रिबिनी बांधून, भर उन्हात. मी पहिल्या गाडीजवळ गेले आणि तिरकं पाहिलं. जाळं. दुसरी. जाळं. तिसरी लाल होती आणि तिच्याजवळ एक बाई पेढ्यांचा डबा घेऊन उभी होती.

"काय बघताय?" ती मराठीत म्हणाली. आईंना कूलरजवळ बसवतानाचं माझं बोलणं तिने ऐकलं असावं. झाशीत कुणी अनोळखी माणूस मराठी बोललं की आम्हाला आधी पाहुणा आठवतो आणि मग उत्तर.

"तुमची गाडी का? जरा इथून बघा. माझ्या खांद्यावरून."

तिने पाहिलं. तिचं नाव अहिल्या, माहेर कराडकडचं, नवरा बबिन्याच्या छावणीत सुभेदार. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी तिने फक्त डबा गाडीच्या छतावर ठेवला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पटकन उचलला आणि हाक मारली, "आवो, जरा हिकडं या. आपली गाडी मांजरानं खाजवलीया."

सुभेदार आले. मिशीला हात लावून त्यांनी गाडीभोवती अशी फेरी मारली की गाडीनेच छाती पुढे काढावी. मग शांतपणे मॅनेजरला विचारलं, "ये क्या है?"

बाकीची कुटुंबंही आली. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी मान वाकडी केली. मुलगी बघायला आल्यासारखे सगळे आपापल्या बॉनेटकडे तिरके बघत होते. "इधर से दिखता है।" "अरे, हमारी तो छत पे भी है।" "पिताजी, आप धूप मत रोकिए।" एक आजोबा आपल्या पांढऱ्या गाडीत जाळं सापडत नाही म्हणून हिरमुसले.

मॅनेजरला घाम फुटला. त्याने चहूकडे पाहिलं, आणि माझ्याकडे बोट केलं. "सर, इनकी गाड़ी की बात अलग है। इनके बाबूजी ने खुद कहा था, दोबारा धोइए, रगड़ के। हमने तो मना किया था।"

"काय म्हणाला तो?"

आई. बकुळचा हात धरून माझ्या मागे उभ्या होत्या. आता लपवायला जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते जाळं पहिल्या दिवसापासून आहे. इथेच धुताना पडलं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण किल्ली—"

"इथे पडलं?" आई म्हणाल्या. "म्हणजे मी नाही पाडलं?"

"तुम्ही?"

"अगं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच कुंकू सांडलेलं दिसलं, ते मी पदराने पुसलं. काठाला जर होती. मग ऊन आलं आणि..." त्या पायरीवर बसल्या. "मला वाटलं, माझ्या पदराने अख्खी गाडी खाल्ली. म्हणून तर सावलीत लावत होते रोज. आज इथे विचारणार होते, जातं का म्हणून. नाही गेलं तर रविवारी किल्ली देव्हाऱ्यापुढे ठेवणार होते."

"मग अख्ख्या गाडीवर पदर फिरवला होता का तुम्ही?"

"नाही गं. टीचभर."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आणि त्या हसायला लागल्या. तोंडाला पदर, मग तो जरीचा आहे हे लक्षात येऊन पदर बाजूला, आणि नुसतंच हसणं. मी पण बसले पायरीवर. अहिल्या काही न कळता आमच्याबरोबर हसली आणि पेढे वाटायला लागली. बकुळने पेढा खाऊन मॅनेजरला सांगितलं, "मेरी दादी को गाड़ी चलानी आती है।"

सुभेदार जागचे हलले नाहीत. मग दुसरं काय होणार? पॉलिशचं मशीन बाहेर आलं. मी समोर खुर्ची टाकून बसले. फडकी नवी, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं. जमिनीवर पडलं की ते फडकं बाद, ही अट बकुळने पाळवून घेतली, "गिर गया, गिर गया" ओरडून. प्रत्येक भाग झाला की गाडी उन्हात काढून बघायचं. जाळं विरत गेलं. उन्हाचं टिंब आता नुसतं टिंब राहिलं, आणि त्याच्या कडेने जांभळं आभाळ.

मागच्या दारापाशी तो खोल ओरखडा तेवढा उरला. तो घालवायचा तर थर फार पातळ होईल, असं नीलकंठ भावजींनी व्हिडिओ कॉलवर गाडीला नमस्कार करून सांगितलं. आई म्हणाल्या, "राहू दे. तीट आहे ती. एवढी देखणी पोर, तीट नको का?"

घरी आल्यावर आईंनी गाडी भर उन्हात लावली. फाटकासमोर, मधोमध. आणि हाक मारली, "अहो, या. पाहणी करा."

मामंजी आले. हात पाठीमागे. एक फेरी. वाकले. "ठीक."

"ठीक नाही," आई म्हणाल्या. "ओरखडा आहे."

"कुठे?"

"मागच्या दारावर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. दाराकडे पाहिलं. दुसऱ्या दाराकडे. आई पुढे झाल्या, त्यांचं बोट धरलं आणि ओरखड्यावर ठेवलं. नख अडकलं.

"हा," मामंजी म्हणाले. "बरं. मग नियमाप्रमाणे..."

"थांबा. नियमात पाडला कुणी ते नव्हतं, पण विचारा."

"कुणी?"

"दोबारा धोइए. रगड़ के," आई म्हणाल्या, हुबेहूब त्यांच्या आवाजात.

मी सगळं सांगितलं. मामंजींनी ओरखड्यावरून परत बोट फिरवलं. मग माझ्याशी नाही, गाडीशी बोलल्यासारखे म्हणाले, "सोवळ्यात पाहिजे होती म्हणून म्हटलं." बोट काढून घेत, "मग किल्ली?"

"तुमच्या ओरखड्यासाठी माझी किल्ली?"

त्यांनी मान हलवली. सिग्नल हिरवा झाला असावा, पण पडताना जरा खडखडला.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. इतकं ऊन, इतका ठसठशीत ओरखडा, आणि बोट धरून दाखवावा लागला. रोज नाक टेकवून "ठीक" म्हणत होते ते सावलीमुळे नव्हे. मी विचारलं, "मामंजी, तुम्हाला दिव्याभोवती कडं दिसतं का?"

"जरा धुकं असतं," ते म्हणाले. "झाशीत धूळ फार."

"चैत्रात धुकं," आई म्हणाल्या. मग आवाज बदलून, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी नेणार. तुम्ही मागे बसायचं."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न मी वाजवीन. तुम्ही फक्त बेल्ट लावा."

आणि आज रविवार. विद्याधर चाकातली हवा बघून परत झोपायला गेला. आई आणि बकुळ सकाळी निघाल्या. मी बकुळचा पट्टा बांधला, परत तपासला, पाण्याच्या बाटल्या दिल्या, द्राक्षं चिरून दिली, आणि ट्रकच्या मागे मागे राहू नका, पुढेही जाऊ नका, असं सांगितलं. "मग कुठे जाऊ गं?" आईंनी विचारलं. त्यांनी फाटकातून गाडी रिव्हर्सने काढली. अगदी सरळ. कुणी मागे उभं राहून हात हलवत नव्हतं. मी फक्त कडुनिंबाला धरून उभी होते. मामंजी माझ्याशेजारी. गाडी वळली तरी ते विचारत होते, "दिसते का अजून? लाल दिवा लागला का वळताना?"

"लागला."

"हं. मग ठीक."

आता ते ओसरीवर बसून एकच पान वाचताहेत आणि मी हे लिहिते आहे, म्हणजे हात कामात राहतील. फोन करायचा नाही असं मीच ठरवलंय, गाडी चालवताना त्या उचलतील म्हणून. तेव्हा तुमच्यापैकी कुणी आज बरुआसागरच्या बाजूला असाल, तर तळ्याच्या रस्त्याला जरा नजर टाका. पिकल्या जांभळाच्या रंगाची छोटी गाडी, मागच्या दाराला एक तीट, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या बाई. अडवू नका, घाबरवू नका, गाडीला तर हात मुळीच लावू नका. फक्त बघा, त्यांनी पाणी प्यायलंय ना, मागच्या मुलीचा पट्टा लागलाय ना, आणि मला एवढं कळवा.

उन्हात उभी असेल तर तेही सांगा. मामंजी विचारताहेत.